तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीवर १९१२ आहे, मग ती १९१२चीच ना?

जुन्या लष्करी रायफलींचा नाद लागलेला माणूस पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो. कोरलेलं साल फक्त बॉडीचं, म्हणजे नळी आणि बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) धरणाऱ्या मधल्या लोखंडी भागाचं असतं. बाकीचे भाग आपापल्या काळात येऊन बसलेले असतात.

थ्री नॉट थ्रीच, म्हणजे .३०३ची ब्रिटिश ली-एनफील्ड रायफल घ्या. मार्क ३ आली १९०७ मध्ये. महायुद्धात कारखान्यांना घाई झाली, तेव्हा वेळ खाणारे भाग वगळून १९१६ पासून मार्क ३ स्टार निघू लागली. वगळले ते भाग असे: मॅगझीन कट-ऑफ, म्हणजे मॅगझीनमधल्या गोळ्या अडवणारी, बॉडीत उजवीकडून सरकणारी पोलादी पट्टी, लांब पल्ल्याचा नेम धरायची व्हॉली साइट, जिची तबकडी पुढच्या लाकडाच्या डाव्या अंगाला असते, आणि मागची साइट डावी-उजवीकडे सरकवायचा स्क्रू. कॉकिंग पीस, म्हणजे बोल्टच्या मागच्या टोकाचा तुकडाही बदलला. आधीचा गोल आणि खरबरीत, नंतरचा दोन्ही बाजूंनी सपाट, खाचांचा.

लोक फसतात ते कट-ऑफवर. सुटी पट्टी मिळते, बसवली की बंदूक 'जुनी' होते. बॉडीत खाच आहे एवढ्याने काही ठरत नाही, कित्येक स्टार बॉडींनाही ती असते. दस्त्याच्या मुळाशी उजवीकडे लोखंडी कड्यावर मुकुट, कारखाना, साल आणि मार्क असतो; स्टार आहे का ते तिथे पाहा. मग लाकूड. कट-ऑफ आहे, पण लाकडात तबकडीसाठी कोरलेली जागाच नाही, तर लाकूड बहुधा मागाहून बदललंय. ही लबाडीच असते असं नाही, बहुतेकदा ती लष्करी वर्कशॉपची दुरुस्ती असते. उगाच 'मूळ रूपात' आणलेल्या बंदुकीपेक्षा अशी प्रामाणिक दुरुस्तीची बंदूक कधीही बरी.

नंबर बॉडी, नळी, बोल्टच्या मुठीची मागची बाजू, साइटच्या पानाचा खालचा भाग आणि नोजकॅप (लाकडाच्या पुढच्या टोकाची लोखंडी टोपी) इथे जुळवून पाहा. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर जाणकाराकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि नळीतली गोळी यांच्यातली जागा, मोजल्याशिवाय चालवू नका, कारण बोल्ट त्या-त्या बॉडीला बसवलेला असतो. मॅगझीनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रू दिसला की समजा, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याचा हात लागलाय. आणि मॅगझीन चौकोनी, १२ गोळ्यांचं असेल तर ती इशापूरचीच ७.६२ मिलिमीटरची २ए१ रायफल; .३०३ची गोळी तिची नव्हे.

गोव्यात दुसरी गंमत पोर्तुगीज माउझर-व्हर्गेरो रायफलीची. १९०४चं हे मॉडेल बर्लिनला बनलं, ६.५ मिलिमीटरचं. पुढे १९३० च्या दशकाअखेर कित्येकांच्या नळ्या आखूड करून ७.९२ केल्या. बॉडीवर मात्र राजा कार्लुश पहिला याचा मुकुट तसाच राहिला. म्हणून मुकुट पाहून हुरळू नका, आधी नळी मोजा. मूळची सुमारे ७४ सेंटिमीटर, बदललेली साधारण ६०.

हे सगळं पाहायचं ते परवाना असलेल्या बंदुकीवर, रिकामी आहे याची खात्री करून. आपल्या खाऱ्या हवेत लाकडाखालचा गंजही बघा, वरून नळी चकचकीत असली तरी. आणि लाकडाला खोबरेल नको, जवसाचं तेल पातळ हाताने चोळा.