शेजारच्या सीटवरून

सव्वासातची डेक्कन क्वीन पुण्याहून सुटली की मी लॅपटॉप उघडायचे. मी वकील आहे आणि महिन्यातून चार-पाच वेळा कामासाठी मुंबईला जाते. कामाचा मोठा भाग म्हणजे कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसणं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी या समित्यांपुढे येतात. २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते आणि ती संपल्यावर १० दिवसांत अहवाल द्यावा लागतो. त्या दिवशी दहातला आठवा दिवस होता. अकराला समितीची बैठक होती आणि निष्कर्षांचं प्रकरण अजून लिहून व्हायचं होतं.

केसबद्दल इथे काहीच लिहिणार नाही. ओळख पटेल अशा एक-दोन खुणाही बदलल्या आहेत.

खिडकीची जागा मिळाली होती. शेजारी पन्नाशीच्या एक बाई. लोणावळ्यापर्यंत त्या पेपर वाचत होत्या, मग घडी घालून पर्समध्ये ठेवला. घाट सुरू झाला, बोगदे लागले, डब्यात अंधार-उजेड होऊ लागला. मी मान वर न करता लिहीत होते. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून मी स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून ठेवते. मला बरं पडतं, पण तेवढीच ती शेजारच्यालाही वाचता येतात हे तोवर मनातही आलं नव्हतं. आणि मसुद्यात तक्रारदार मुलीचं नाव, आडनावासकट, प्रत्येक परिच्छेदात होतं.

दादर जवळ आलं तशा त्या उठल्या, बॅग काढली आणि पुन्हा बसल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? राग मानू नका. तुमच्या स्क्रीनवरचं नाव माझ्या नजरेस पडलं. मुद्दाम नाही वाचलं. पण ती मुलगी ओळखीची आहे. तिची आई आणि मी एका भिशीत आहोत." थोडं थांबून म्हणाल्या, "आईला यातलं काही माहीत नाही, हो ना?"

मला उत्तर देता येईना. हो म्हणणं हा गुन्हा आणि नाही म्हणणं खोटं. मी फक्त लॅपटॉप मिटला. "मी कुणाला बोलणार नाही," एवढं म्हणून त्या दादरला उतरल्या. मला त्यांचा शब्द आजही खरा वाटतो. पण त्या बाई चांगल्या निघाल्या यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर आणि तक्रारदार, प्रतिवादी, साक्षीदार यांची ओळख उघड करायला मनाई आहे. मोडल्यास नियमांत ५,००० रुपयांचा दंड आहे. शेजारच्या सीटवरून कुणी वाचलं तर तो त्या कलमाचा भंग ठरतो का, यावर मी कोर्टात दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकेन. दादर ते सीएसएमटी त्या वीस मिनिटांत मात्र मला एवढंच कळत होतं, की त्या मुलीनं पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, "मॅडम, हे घरी कळणार नाही ना?" आणि मी "नाही" म्हटलं होतं.

बैठकीआधी मी समितीच्या अध्यक्षांना सगळं सांगितलं आणि अहवालातून बाजूला व्हायची तयारी दाखवली. पण आधी मुलीला सांगायचं, यावर आमचं दुमत नव्हतं. तिला बोलावलं. ती बराच वेळ टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आईला मी सांगणारच होते. केस संपल्यावर. आता आजच सांगते, बाहेरून कळण्यापेक्षा." अहवाल मीच पूर्ण करावा असंही तीच म्हणाली. तिनं मला बोल लावला असता तर सोपं गेलं असतं. आईला कधी, कसं सांगायचं हे ठरवायचा हक्क तिचा होता आणि तो माझ्यामुळे तिच्या हातून गेला. हे मी विसरत नाही.

त्या रात्री घरी येऊन प्रायव्हसी फिल्टर मागवला, म्हणजे शेजारच्याला वाचता येऊ नये म्हणून लॅपटॉपच्या पडद्यावर लावायची शीट. घाईत फक्त '१४ इंच' पाहिलं आणि तिथेच चुकले. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. १६:९ प्रमाणाचा १४ इंची पडदा साधारण ३१० बाय १७४ मिलिमीटर असतो. माझ्या लॅपटॉपचा १६:१० चा, म्हणजे ३०२ बाय १८८. फिल्टर दोन्ही बाजूंना फ्रेमवर चढला आणि खाली जवळजवळ दीड सेंटिमीटरची पट्टी उघडी राहिली. त्याच पट्टीत उघड्या फाइलींची नावं दिसत होती आणि फाइलीच्या नावात आडनाव! तेव्हा घ्यायच्या आधी उजळणाऱ्या भागाची रुंदी आणि उंची फूटपट्टीनं मोजा, काळी चौकट सोडून.

दुसरा बरोबर आला. ऑफिसच्या खिडक्यांना उभ्या पट्ट्यांचे पडदे असतात ना, तसल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक उभ्या पट्ट्या या प्लॅस्टिकच्या पातळ शीटमध्ये असतात. समोर बसणाऱ्याला पट्ट्यांमधून सरळ दिसतं. बाजूला साधारण तीस अंशांच्या पलीकडे गेलं की पट्ट्या आड येतात आणि पडदा काळा होतो. जेवणाच्या टेबलावर लेकीला शेजारी बसवून पाहिलं. माझ्या खांद्याला खांदा लावला तेव्हा तिला कडेची अक्षरं धूसर वाचता आली, खुर्ची वीतभर सरकवल्यावर काहीच नाही. मग ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पोटात गोळा आला.

कारण तेच आहे. पट्ट्या उभ्या असल्यानं फक्त डाव्या-उजव्या बाजूची नजर अडते. बरोबर मागून, दोन सीटांच्या फटीतून बघणाऱ्याला सगळं दिसतं. फिल्टर लावून निर्धास्त झालेला माणूस फिल्टर नसलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो असं माझं स्पष्ट मत आहे. आता मी शक्यतो डब्यातली शेवटची रांग मागते, पाठीला भिंत येते अशी. आणि मसुद्यात नावं लिहीतच नाही. 'तक्रारदार', 'प्रतिवादी', 'साक्षीदार क्र. २' असंच लिहिते. कोण कोण ते वेगळ्या कागदावर असतं आणि तो कागद प्रवासात बरोबर नसतो. खरं तर हे मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

फिल्टरनं उजेड चांगलाच कमी होतो. ब्राइटनेस वाढवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून चार्जर जवळ ठेवते. एक बाजू चकचकीत असते आणि एक मॅट. ट्यूबलाइटखाली मॅट बाजू वर ठेवली की चकाकी डोळ्यांवर येत नाही. झाकण मिटताना अडतंय असं वाटलं तर दाबू नका, भार थेट पडद्यावर येतो. मी फिल्टर काढून पाकिटात ठेवते.

दुहेरी टेपनं कायमचा चिकटणारा मी घेतला नाही. कडेला छोट्या पट्ट्या लावून वरून सरकवायचा घेतला, तो एका हातानं निघतो. त्याचं कारण चौकशीच्या खोलीत आहे. जबाब टाइप झाला की देणाऱ्याला तो वाचायला द्यायचा, दुरुस्त्या करायच्या, मग सही. गेल्या महिन्यात एक साक्षीदार, कँटीनमध्ये काम करणाऱ्या बाई, माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "वाचून घ्या." त्या वाकून बघत राहिल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "मॅडम, मला काहीच दिसत नाही. माझे डोळेच गेले वाटतं."

मी फिल्टर सरकवून काढला, लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि माझी खुर्ची मागे घेतली. त्या बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "हे मी असं नव्हते म्हणाले," त्या म्हणाल्या. आम्ही ती ओळ बदलली.