येळवशीची भज्जी आणि माझा डबा

आज येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या, झाली. रानातून येऊन दोन तास झाले, पण ओढणीला कडब्याचा वास अजून आहे. डोळे मिटत आहेत तरी आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडले, पूजा झाली, दादांनी रानाला फेरी मारून आंबील शिंपडली. मग पंगत बसली. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भलंमोठं पातेलं भरून भज्जी. लातूरकडच्या माणसाला भज्जी सांगावी लागत नाही, पण बाकीच्यांसाठी लिहिते: तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात, गाजर, शेंगदाणे, रानात जे पिकलं असेल ते सगळं चिंचेच्या कोळात बेसन लावून शिजवतात. दाणे, सालं आणि पाला, तिन्ही. मला क्रोन्स हा आतड्याचा रोग आहे, आणि त्यानं माझं लहान आतडं शेवटाला जिथं अरुंद झालंय तिथं नेमकं हेच अडकतं.

काकू म्हणाल्या, "घोटभर तरी घे गं, भज्जी खाल्ल्याबिगर येळवस होती व्हय?" मी काही बोलायच्या आत आईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आत भज्जीच होती, पण पिठल्यासारखी एकसारखी.

काल रात्री ती हे करत होती तेव्हा मी दारात उभी होते. शिजलेली भज्जी तिनं पुरणयंत्रात घातली आणि दांडा फिरवत राहिली. खालच्या ताटलीत हिरवट पिवळा गर पडत होता, वर जाळीवर तुरीची सालं आणि मेथीचे दोरे उरत होते. ते तिनं म्हशीच्या आंबवणात टाकलं आणि खालचा गर पुन्हा एकदा फिरवला. दोनदा. मला वाटतं सहा वर्षांत आईनं या रोगाशी जे काही केलंय ते त्या दोन वेळच्या फिरवण्यात आहे.

सुरुवात 2018 च्या पावसाळ्यात झाली. उजव्या कुशीत खाली कळ, संध्याकाळी कणकण, दिवसातून आठ-दहा वेळा संडास. वजन 52 वरून 40 वर आलं. कोलोनोस्कोपीत लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं तिथं व्रण दिसले, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी, निघाले, आणि आतड्याचा टीबी म्हणून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू झाली. लघवी केशरी व्हायची, तोंडाला चव नव्हती, पण मी एकही गोळी चुकवली नाही. सहा महिन्यांनी दुर्बीण पुन्हा घातली तर व्रण होते तसेच.

त्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. आपल्याकडं टीबी एवढा आहे आणि टीबी नि क्रोन्स हे दोन रोग दिसायला इतके सारखे की आधी टीबीची औषधं देऊन बघायची ही रीतच आहे. दोन्हींचं आवडतं ठिकाण एकच, दोन्हींत वजन उतरतं, ताप येतो. पण माझं म्हणणं एवढंच की औषधं लागू पडतात का हे मधेच, दोन-तीन महिन्यांनी तपासायला सांगा. ते सहा महिने माझे होते, आणि तोवर आतडं अरुंद व्हायला लागलं होतं.

पुण्यातल्या डॉक्टरांनी क्रोन्स म्हटलं तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "माझ्या हातचं तिखट बाधलं का हो हिला?" लहानपणी मी भाकरीबरोबर शेंगाची चटणी मुठीनं खायचे, ते तिच्या मनात होतं. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. म्हणाले, आई, हे खाण्यानं झालेलं नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच स्वतःच्या आतड्यावर उलटते. त्यात काही वाटा अनुवंशाचा असतो, काही आतड्यातल्या जिवाणूंचा, पण अमुक एक गोष्ट केली म्हणून हा रोग झाला असं कुणाला सांगता येत नाही. आईनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं. गाडीत ती बार्शीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी 1932 साली 14 रुग्णांवरून हा रोग नीट मांडला. त्यांना वाटलं होतं तो लहान आतड्याच्या टोकालाच होतो. पुढं कळलं, तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो, मधे चांगला भाग सोडून, आणि आतड्याची भिंत आरपार धरतो. हे मी आईला दुधीभोपळा घेऊन समजावलं. वरून ठीक दिसणाऱ्या भोपळ्यात मधेच कीड असते तसं. भोपळ्याचं तिला पटलं.

घरात समजावायला सगळ्यात अवघड गोष्ट मात्र दुसरीच आहे. तिखट खाऊन हा रोग झाला नाही हे खरं, आणि आता मका, पेरूच्या बिया, शेवग्याच्या शेंगा खाल्ल्या तर मी रात्रभर कळवळते हेही खरं. लोकांना एकच खरं हवं असतं. दुखलं की "काय खाल्लंस?" पहिला प्रश्न हाच. आणि आईची मान खाली.

स्टेरॉइडवर होते तेव्हा तोंड सुजून गोल झालं होतं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तब्येत सुधारली गं पोरीची. ती माझी सगळ्यात वाईट वेळ होती. त्या गोळ्या एकदम सोडायच्या नसतात, हळूहळू उतरवायच्या असतात, हे ज्यांना चालू आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवते. अंगदुखीला आयबुप्रोफेनही मनानं घेऊ नका.

आता दोन आठवड्यांतून एकदा अडालिमुमॅबची सुई आहे, शरीराच्या त्या उलटलेल्या यंत्रणेला आवरणारी. ती चालू करायच्या आधी पुन्हा टीबीची तपासणी झाली, कारण झोपलेला टीबी या औषधानं जागा होऊ शकतो. आतड्याचं ते टोक बी-12 शोषतं, माझं शोषत नाही, म्हणून त्याचीही वेगळी इंजेक्शनं. मधे संडासातलं कॅलप्रोटेक्टिन तपासलं, त्यावरून आतड्याची सूज कळते; आकडा बराच खाली आलाय. रोग शांत आहे. गेला नाही, शांत आहे.

आज सुईचाच दिवस होता. ती फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवली. इथं लाइट गेली की आई फ्रिजचं दार कुणाला उघडू देत नाही. मांडीला पेन लावलं, आईनं शेजारी बसून दहापर्यंत मोजलं, कापूस दिला.

मी विचारलं, "आई, अजून वाटतं का गं तुला, तुझ्या चटणीनं झालं म्हणून?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "संक्रांतीला तिळाचं काय करायचं? मिक्सरला अगदी मैद्यासारखा कूट केला तर चालंल का तुला?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते. ती उठून मिक्सरचं लहान भांडं शोधायला गेली.