बेंदराची पुरणपोळी आणि साखरेचा हिशेब

सातारा, बेंदूर, रात्री

बेंदरासाठी आज माहेरी, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते, ती दिवेलागणीला शाहूपुरीत परतले. बैलांची पूजा झाली, त्यांना पुरणपोळीचा घास भरवला आणि मग आमची पाने वाढली गेली. वहिनी पोळीचे ताट घेऊन माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या. "वन्सं, वाढू का, की नुसती आमटी देऊ?" त्यांच्या विचारण्यात माया होती आणि भीतीही होती. मी पोळी वाढायला सांगितली, तिच्यावर तूप घेतले आणि ती सावकाश, मनापासून खाल्ली. साखर असलेल्या माणसाने पुरणपोळी खावी की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी अपुरा आहे. किती, कशाबरोबर आणि त्या दिवशी दुसरे काय सोडून, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेह मानतात, एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही त्याच्या अलीकडची पायरी. माझा आकडा मधुमेहाच्या रेषेच्या जेमतेम पुढे होता. डॉक्टरांनी गोळी लगेच सुरू न करता आहार आणि चालणे यांवर भर द्यायला सांगितले, तो आकडा आता रेषेच्या आत आला आहे आणि ठरल्या वेळी तपासणी चालू आहे. गोड पूर्ण बंद करण्याचा सल्ला मला नातेवाइकांनी दिला, डॉक्टरांनी नव्हे. डॉक्टरांनी दिवसभरात पोटात जाणारी साखर आधी कागदावर मांडायला सांगितले.

तो कागद डोळे उघडणारा ठरला. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि एक सपाट चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम, म्हणजे नुसत्या चहातूनच बत्तीस ते चाळीस ग्रॅम साखर जात होती. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली सांगते आणि पाच टक्क्यांखाली राहिल्यास अधिक चांगले मानते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम. चहाबरोबरची बिस्किटे, बाटलीतले सरबत आणि येताजाता तोंडात टाकलेली गोळी यांचा हिशेब त्याहून वेगळा. यांतल्या एकाही पदार्थाची चव मला संध्याकाळपर्यंत आठवत नसे. म्हणून चहातली साखर मी टप्प्याटप्प्याने शून्यावर आणली, बिस्किटे बंद केली आणि जे गोड खरोखर आवडते, त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली.

साताऱ्यात राहून ती जागा कोणाची, हे निराळे सांगायला नको. मोती चौकातून जाताना भाजलेल्या खव्याचा वास येतो, तेव्हा कंदी पेढ्याला नाही म्हणणे मला जमत नाही आणि जमावे असे वाटतही नाही. खवा चांगला लालसर होईपर्यंत परतल्यामुळे त्याला स्वतःचीच एक खरपूस गोडी येते आणि साखर बेताची पुरते. तरीही साखर ती साखरच, शिवाय खव्यात दुधाची मूळ शर्करा असतेच. म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर मी तो पेढा दोन प्रकारे तपासून पाहिला: एकदा दुपारी चारला रिकाम्या पोटी आणि एकदा भाजी, उसळ, भाकरी असे जेवण झाल्यावर, त्या दिवशीची अर्धी भाकरी कमी करून. पहिल्या वेळी साखर झपाट्याने वर गेली. दुसऱ्या वेळी दोन तासांनी मोजलेला आकडा माझ्या नेहमीच्या जेवणानंतरच्या आकड्याच्या आसपासच राहिला. तंतू, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पोटात आधी असले की अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. प्रत्येकाचे शरीर निराळे, त्यामुळे माझा आकडा दुसऱ्याला लागू होईल असे नाही, पण आपापल्या मशीनवर हे पाहण्यासारखे नक्कीच आहे.

आजचे पानही मी त्याच विचाराने जेवले. आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ, मग कटाच्या आमटीबरोबर पोळी, आणि भात अजिबात नाही. पुरणपोळीत कणकेचे पिष्ट आणि गुळाची साखर अशी दुहेरी भर असते, तेव्हा तिच्यावर भाताची तिसरी भर नको. हरभरा डाळ मात्र या पदार्थाचा मोठा आधार आहे, कारण ती रक्तातील साखर फार हळू वाढवणाऱ्या धान्य-कडधान्यांपैकी एक आहे. वहिनींनी या वर्षी डाळीइतका गूळ न घालता पाऊणपट घातला होता, हे मला जेवून झाल्यावर कळले. जायफळ आणि वेलदोडा सढळ हाताने असल्यामुळे कोणालाच काही कमी वाटले नाही. जेवणानंतर सगळे लवंडले, तेव्हा मी पुतण्याला बरोबर घेऊन मळ्यापर्यंत चालून आले. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट उचलून वापरतात, म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटेसुद्धा उपयोगी पडतात. साताऱ्यात असते तेव्हा 'चार भिंती' टेकडीच्या चढापेक्षा राजपथावरची सपाट फेरी मी पत्करते, कारण ती रोज होते.

गुळाविषयी थोडे लिहायला हवे, कारण आपल्या भागात त्याच्यावर फार भाबडा विश्वास आहे. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरेचाच असतो आणि रक्तातील साखर तो जवळजवळ तशीच वाढवतो. मध आणि खजूर यांतही मोठा भाग साखरेचाच असतो. "साखर घातलेली नाही" असे लिहिलेले खजुराचे लाडू एका बैठकीत चार खाणाऱ्या माणसांची मला खरोखर काळजी वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची त्याहूनही मोठी, १३ कोटी ६० लाख निघाली. या उंबरठ्यावरच्या लोकांना हिशेब शिकवला, तर त्यांच्यातल्या पुष्कळांचा पुढचा त्रास टळू शकतो. नुसती बंदी घातली, तर ते चोरून खातात आणि तेही बहुधा अवेळी, रिकाम्या पोटी.

थंडीत मला सगळ्यांत सोपे जाते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात आली की बिनसाखरेच्या चक्क्यात ती चिरून घालते. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत साखर जेमतेम पाच ग्रॅम असते आणि चक्क्यातून प्रथिने मिळतात. खपली गव्हाची खीरही करते, मात्र तिची वाटी लहान ठेवते, कारण खपली कितीही चांगली असली तरी खिरीत गूळ पडतोच.

वहिनींचे मात्र निराळे आहे आणि आज निघताना मी त्यांच्याशी तेच बोलले. त्यांना साखर कमी करणारी गोळी चालू आहे. माझे पाहून त्यांनीही पोळीसाठी सकाळचा नाश्ता टाळला होता आणि नैवेद्याच्या गडबडीत त्यांचे हात थरथरू लागले, घाम आला. मशीनवर आकडा सत्तरच्या खाली दिसला. मी त्यांना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले आणि आकडा वर आल्यावर त्यांना लगेच जेवायला बसवले. गोळी घेणाऱ्याने जेवण टाळून गोडासाठी जागा करायची नसते, आणि आहारात असा बदल करायचा असेल तर गोळीचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारायचे असते. सोमवारी दादा त्यांना दवाखान्यात घेऊन जाणार आहे. आजची वेळ, आकडा आणि त्याआधीचे खाणे मी एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या औषधांच्या डब्यात ठेवले आहे.