कुंचल्याची अक्षरे आणि तीन वेळा आलेले ‘या’

भाच्याच्या बोरन्हाणाची पत्रिका करताना मी वरच्या ओळीत ‘या या, बोरं वेचायला या!’ असे लिहिले आणि त्यासाठी कुंचल्याने रंगवल्यासारखा दिसणारा एक खेळकर फाँट निवडला. तिन्ही ‘या’ हुबेहूब सारखे उमटले. हाताने लिहिताना तसे कधीच होत नाही. पहिला ‘या’ भरलेल्या कुंचल्याचा ठसठशीत असतो, तर तिसऱ्याच्या कान्याला रंग संपत आल्याच्या कोरड्या रेघा दिसतात. काही फाँटमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपे ठेवलेली असतात आणि ओपनटाइप या फाँटच्या तंत्रातल्या सोयीने ती आलटून पालटून येतात. देवनागरीत मात्र जोडाक्षरांमुळे आकारांची संख्या मुळातच शेकड्यांत जाते, त्यामुळे प्रत्येकाची पर्यायी रूपे काढणे हे मोठे जिकिरीचे काम ठरते. माझ्या फाँटमध्ये ती नव्हती, म्हणून मी अक्षरांच्या बाह्यरेषा सुट्या केल्या, दुसऱ्या ‘या’चा काना किंचित कलता केला, तिसरा थोडा वर उचलला आणि तुटलेली शिरोरेघ पुन्हा जोडून घेतली.

शिरोरेघेची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते. रोमन अक्षरांत अंतर वाढवले की शब्द मोकळा दिसतो. आपल्याकडे त्याच युक्तीने रेघेत फटी पडतात आणि शब्द विस्कटतो. पुण्यात गणेशोत्सवातल्या फ्लेक्सवर मला अशा फटी हमखास दिसतात, आणि दर वेळी वाईट वाटते.

फाँट निवडण्यापूर्वी मी ‘लाडक्या’, ‘शनिवार’ आणि ‘तऱ्हा’ हे तीन शब्द टाइप करून पाहते. पाकळीयुक्त ल, देठयुक्त श आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र नीट आले, तरच तो मराठीसाठी वापरण्याजोगा आहे, असे माझे मत आहे.

कुंचल्याच्या अक्षरांची आपल्याकडची परंपरा समृद्ध आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या नावांना त्या-त्या नाटकाच्या प्रकृतीची अक्षरे दिली. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ हा फाँट घडला. तो मोफत मिळतो आणि त्यात चपट्या कुंचल्याचे जाड-बारीक वळण स्पष्ट दिसते.

असे फाँट मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, लाडवाच्या डब्यावरचे लेबल, शिबिराचे पोस्टर अशा ठिकाणी, दोन-चार शब्दांपुरते आणि मोठ्या आकारात शोभतात. परिच्छेद त्यात लावू नये, कारण लहान आकारात मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. म्हणून पत्रिकेतील तारीख, वेळ आणि सदाशिव पेठेतला पत्ता मी साध्या, सरळ फाँटमध्ये ठेवला. बुधवार पेठेतल्या छापखान्यातून नमुना आला, तेव्हा ‘बोरं’वरचा अनुस्वार मात्रेला चिकटलेला दिसला. तो केसभर उजवीकडे सरकवून मी पत्रिका छपाईला दिली.