भूकरमापकाची मेर

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काम करताना बांधावरचे वाद रोजच पाहावे लागतात. तरीही नेवासा तालुक्यातील एका गावी दोन सख्ख्या भावांच्या जमिनीची हद्दकायम मोजणी, म्हणजे अभिलेखाप्रमाणे हद्द जागेवर दाखवणारी मोजणी केली, तो दिवस माझ्या ख्रिस्ती विश्वासाच्या दृष्टीने वेगळा ठरला. दोघे भाऊ एकाच मंडळीचे सभासद होते. बोलणे बंद झाल्यापासून उपासनेला एक पुढच्या दाराने येतो आणि दुसरा बाजूच्या दाराने, असे त्यांच्या आईनेच मला सांगितले.

अर्ज धाकट्याचा होता आणि थोरल्याने बांध कोरला, अशी त्याची तक्रार होती. लगतच्या खातेदारांना नोटिसा आधीच गेल्या असल्याने सकाळीच बरीच माणसे जमली होती. वडिलांच्या पश्चात झालेल्या फाळणीचा नकाशा आणि मूळ टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांची नोंद, घेऊन मी ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र लावले. परंतु कागदावरचा नकाशा शेतात बसवायचा, तर एखादी जुनी, पक्की खूण हाती लागणे फार मोलाचे असते. उत्तरेच्या कोपऱ्यात बाभळीच्या बुंध्याशी असा दगड असावा, असे टिपणावरून दिसत होते. थोरल्याने स्वतःच पहार घेतली. हातभर खोल गेल्यावर पहारीचा आवाज बदलला, तसा तो गुडघ्यांवर बसला आणि मुळांत अडकलेली काळी माती बोटांनी काढू लागला. दगड दिसताच तो म्हणाला, “हाच. लहानपणी आबांनी मला इथं आणून दाखवला होता.” धाकटा भाऊ त्याच्या मागे येऊन उभा राहिला होता.

मोजणीत तक्रार खरी निघाली. दगडापाशी बांध जागेवर होता, पण दक्षिणेकडे जाता जाता तो धाकट्याच्या शेतात सात फुटांपर्यंत सरकला होता. सुमारे 330 फूट लांबीच्या त्या निमुळत्या पट्टीत गुंठ्याहून थोडी अधिक जमीन येत होती. एवढी जमीन कोणी एका रात्रीत घेत नाही. दर नांगरटीला नांगराचे एखादे तास पलीकडे जाते, आणि काही वर्षांनी ते तासच बांध होऊन बसते. शेजाऱ्याची मेर, म्हणजे शेताची हद्द, सारू नये, अशी आज्ञा बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे आणि ती सारणाऱ्यावर सत्ताविसाव्या अध्यायात शाप आहे. इतक्या कठोर शब्दांचे कारण अशा शेतात उभे राहिल्यावर कळते.

खरी कसोटी पुढे होती. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघांचे जुने भांडण होते. चुन्याची फक्की टाकून होताच धाकटा म्हणाला, “साहेब, तुम्ही आपल्या मंडळीतले. विहिरीचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा.” थोरल्यानेही मान डोलावली. पाण्याची वाटणी कशी व्हावी, हे मला स्पष्ट दिसत होते. मी बोललो असतो तर त्या घटकेला दोघांनी ऐकलेही असते. परंतु भूकरमापकाने अभिलेखाप्रमाणे हद्द दाखवायची असते. हक्क ठरवणे किंवा कोणाला ताबा देणे हे त्याचे काम नव्हे. सरकारी अधिकाऱ्याने मंडळीतल्या ओळखीच्या बळावर निवाडा केला, तर उद्या शेजारच्या खातेदाराने माझ्या यंत्रावर विश्वास का ठेवावा?

त्या वेळी मला लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायातला प्रसंग आठवला. भावाला वतन वाटून द्यायला सांगा, अशी एकाने विनंती केली, तेव्हा वाटणी करणारा म्हणून मला कोणी नेमले, असे प्रभू येशूने त्यालाच विचारले. सर्व अधिकार ज्याचा, त्याने पित्याने न सोपवलेले काम हाती घेतले नाही. मात्र त्या माणसाकडे पाठ न फिरवता त्याने लोभाविषयी सावध केले आणि मूर्ख धनवानाचा दाखला सांगितला. प्रेषित पौलही करिंथकरांना लिहितो की, देवाने नेमून दिलेल्या मर्यादेपुरताच आपण अभिमान बाळगतो. मर्यादेत राहणे म्हणजे जबाबदारी टाळणे, असे आपल्या मंडळ्यांतूनही अनेकदा मानले जाते, आणि हे मला मनापासून सलते. दुसऱ्याची मेर ओलांडणे जसे पाप, तसेच चांगल्या हेतूने स्वतःच्या पाचारणाची, म्हणजे देवाने सोपवलेल्या कामाची, मेर ओलांडणेही धोक्याचे आहे, कारण तिथे देवाचा न्याय आपण आपल्या हातात घेऊ लागतो.

“काका, विहीर माझ्या कामात येत नाही,” मी थोरल्याला म्हणालो. “ती तुम्ही दोघांनी ठरवायची. पाळकसाहेबांना मध्ये घ्या. नाहीच जमलं, तर कोर्ट आहे.” धाकटा नाराज झाला आणि ते त्याने लपवलेही नाही. जबाब लिहून झाले, दोघांच्या सह्या झाल्या, कागद पिशवीत गेले. मग त्यांच्या आईने प्रार्थना करायला सांगितले. ती मी केली, कारण आता मी त्यांच्यापुढे केवळ एक विश्वासी बंधू म्हणून उभा होतो. आसपासच्या खातेदारांनीही टोप्या काढल्या.

पट्टीतला ऊस तुटल्यावर थोरल्याने बांध मागे घेतला. विहिरीसाठी पाळकसाहेबांसमोर तीन बैठका झाल्या आणि शेवटी एक दिवस आड पाण्याची पाळी ठरली, असे धाकट्याने मला पुढे तालुक्याच्या बाजारात सांगितले. ती पाळी मी ठरवली असती त्यापेक्षा वेगळी होती, आणि दोघे ती पाळत होते.