पहिल्या प्रेमाची पत्रं आणि पावसाळा

पहिलं प्रेम जन्मभर लक्षात राहतं, याचं बरंचसं श्रेय त्या माणसापेक्षा आपल्या वयाला द्यावं लागेल. पन्नाशीतल्या माणसाला आयुष्यातलं काहीही आठवायला सांगा, पंधरा ते पंचवीस या वर्षांतलंच जास्त निघतं. मानसशास्त्राच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे. पण आठवण जितक्या वेळा काढावी तितक्या वेळा तिच्यात थोडी भर पडते, थोडी गळती होते. आठवणीतल्या त्या मुलीचे डोळे वर्षागणिक टपोरे होत जातात. पत्रातल्या मजकुराला असली सोय नसते, तिथे ‘उद्या येणार नाही’ म्हणजे येणार नाहीच.

म्हणून पत्रं जपायची. पण जपण्याच्या नादातच ती सर्वांत जास्त खराब होतात.

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने कागदाला चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही. घडीवर फाटलेल्या निळ्या आंतर्देशीय पत्राला सेलोटेप लावली, की काही वर्षांनी टेप सुटून पडते आणि तिचा गोंद पिवळा डाग होऊन अक्षरांत मुरतो. टाचणी, यू-पिन आधी काढा, कोकणातल्या हवेत त्या एका पावसाळ्यात गंजतात. पत्रात ठेवलेलं बकुळीचं फूल (ते असतंच!) वेगळ्या पाकिटात ठेवा, नाहीतर त्याचा तपकिरी ठसा नेमका सहीवर उमटतो.

पत्र उलगडून सपाट करायचं, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालायचं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवायचं. जागा घराच्या आतल्या भिंतीकडची हवी. माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते, आणि कसर तर पाकिटाच्या खळीवरच येते. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, खोकं सावलीत तासभर उघडं ठेवा. उन्हात ठेवलंत तर फाउंटन पेनची निळी शाई फिकट होईल.

खोडलेल्या ओळींची मात्र वेगळी मजा असते. पत्र बॉलपेनने लिहिलेलं असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या कडेला, जवळजवळ आडवी धरा. पेनच्या दाबाने पडलेल्या खाचांच्या सावल्या पडतात आणि गिरगटलेल्या रेघांखालचं एखादं अक्षर वर येतं. बहुतेकदा तिथे नुसती शुद्धलेखनाची चूक सापडते. क्वचित ‘प्रिय’ खोडून ‘स. न.’ (सप्रेम नमस्कार) केलेलं असतं. त्या चार खाचांवर लोक पुढची कैक वर्षं काढतात.

मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा असेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, दोन्ही बाजूंचा काढा. पोस्टाचा शिक्का असलेली बाजू विसरू नका, कारण तारीख घालायची शुद्ध त्या वयात क्वचितच कुणाला असते. आणि तो फोटो घरच्या सामायिक अल्बममध्ये आपोआप जात नाही ना, हे आधी तपासा.