गळ्यात क्रूस, खांद्यावर औषधाची पिशवी

ख्रिस्ती बाईनं वारीला कशाला जावं, हा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला गेला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आत्याबाईंनी काळजीनं विचारला आणि दिंडीतल्या एका काकांनी कुतूहलानं. दोघांनाही मी एकच उत्तर दिलं: शेजारच्या काकूंचे पाय. काकूंना साखरेचा त्रास, पायांची आग होते, कधी तळव्याला काही कळतही नाही, आणि वारी तर सोडायची नाही. मी नर्स. सोलापुरात एकाच भिंतीला आमची घरं. त्या जाणार असतील तर त्यांच्या पायांकडे बघायला कुणीतरी हवंच.

उत्तर खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मला चालता चालता उमगत गेलं.

आमच्या पाळकसाहेबांनी निरोप देताना एवढंच सांगितलं की जे मनाला पटत नाही ते करू नका आणि आपण कोण ते लपवूही नका. ऐकायला सोपं. मंडळीतला एक उत्साही भाऊ मात्र लूकच्या शुभवर्तमानाच्या पुस्तिकांचा गठ्ठाच घेऊन आला. "ताई, एवढी गर्दी पुन्हा मिळायची नाही." गठ्ठा मी घरीच ठेवला. पायाला फोड आलेला, घामानं भिजलेला माणूस आपल्या देवाला भेटायला निघालाय, त्याच्या हातात वाटेत मधेच कागद कोंबायचा हे मला बरं वाटत नाही. घरी कुणी आपणहून मागितलं तर आनंदानं देईन. गर्दी बघून वाटणं वेगळं.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी येते ती सोलापुरात मुक्काम करून पुढं तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा अशी पंढरपूरला जाते. पांढऱ्या कपड्यातले ते वारकरी, त्यांची ती शिस्त, बघत राहावं. आमची दिंडी अगदी लहान. गल्लीतली माणसं, एक वीणेकरी बुवा, एक पखवाज, दहा-बारा टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या दोन बायका आणि सामानाचा टेम्पो. रस्ता तोच, पण गर्दीच्या मागंपुढं राहून.

निघायच्या सकाळी बुवा एकेकाच्या कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का लावत येत होते. माझ्यापुढं आले आणि त्यांची नजर गळ्यातल्या क्रूसावर गेली. बोट हवेतच थांबलं. "ताई, लावू का?" मी हात जोडले, म्हटलं, "बुवा, तुमचा मान ठेवते, पण मी येशूची आहे. कपाळाला नको." आजूबाजूला थोडं गप्प झालं. बुवांनी मान डोलावली, बुक्क्याचं बोट स्वतःच्याच कपाळावर टेकवलं आणि पुढच्या माणसाकडं वळले. पुढं कुठंही मुक्काम पडला की तेच ओळख करून द्यायचे, "या आमच्या ख्रिस्ती ताई, पाय दुखत असतील तर यांच्याकडं जा." माझी ओळख मला एकदाच सांगावी लागली. बाकी सगळं बुवांनी केलं.

सोलापुरात मी ख्रिस्ती आहे हे कामावर सगळ्यांना माहीत आहे, पण कसं? तर पंचवीस डिसेंबरला केक आणणारी बाई म्हणून. बाकी अकरा महिने मी कोण याचा पत्ता कुणालाच नसतो. वारीत उलटं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर गंध, हातात पताका. माणूस काय मानतो ते लांबून दिसतं, आणि त्यात कुणाला संकोच नाही. मी ते बघून जरा चपापले. आमच्याकडं डोंगरावरच्या प्रवचनात दोन गोष्टी लागोपाठ येतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की दिवा मापाखाली ठेवू नका, तुमचा उजेड लोकांना दिसू द्या. आणि सहाव्यात सांगतो की लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या. आम्ही सोयीनं सहावा अध्याय धरून बसतो. दार लावून घेतलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. पण पाचवा नीट वाचला तर लोकांना दिसायची आहेत ती सत्कर्मं, प्रार्थना नव्हे. जप दिसला नाही तरी चालेल, पाय धुतलेले दिसले पाहिजेत.

आणि पाय धुवायचे होतेच. पहिल्याच दिवशी काकूंशी भांडण झालं. त्यांचा नवस अनवाणी चालायचा. साखरवाल्या माणसानं अनवाणी चालायचं म्हणजे काय, तर खडा टोचलेला कळत नाही, जखम संध्याकाळी दिसते आणि मग ती चिघळत जाते. मी सांगून दमले. शेवटी प्रकरण बुवांकडं गेलं. बुवा म्हणाले, "काकू, विठोबा विटेवर उभा आहे की नाही? मग तुम्ही चपलेवर उभ्या राहा की." काकू हसल्या आणि मऊ सोलची चप्पल चढली. बुवांना वैद्यकशास्त्रातलं काही कळत नाही, पण माझ्या तासाभराच्या भाषणानं न झालेलं काम त्यांनी एका वाक्यात केलं.

कामतीच्या मुक्कामाला शाळेच्या व्हरांड्यात मी घमेलं मांडून बसले. कोमट पाणी, सॅव्हलॉन, गॉज, चिकटपट्टी. फोडाचं म्हणाल तर वरची कातडी कधी कापायची नाही. तीच आतल्या जागेचं रक्षण करते. फार ताठला असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला बारीक टोचून पाणी काढायचं, वर कोरडी पट्टी. साखरवाल्याच्या फोडाला मात्र आपण टोचायचंच नाही, डॉक्टरांकडं पाठवायचं. हे मी इतक्या वेळा सांगितलं की पखवाजवाला पोरगा माझ्या आधीच म्हणायला लागला.

तिथं बीडकडच्या एका दिंडीतली आजी आली. टाचेला रुपयाएवढा फोड, भेगांत माती बसलेली, पायात चांदीची झिजलेली जोडवी. मी पाय हातात घेतला तसा तिनं झटकन ओढून घेतला. "नको गं बाई, माझं पाय धुऊन मला पापात घालू नको." वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, लहानाच्या मोठा पडतो, तरी पाय धुऊन घेणं तिला जड जात होतं. मी म्हटलं, "आजी, आमच्या येशूच्या एका शिष्यानं पण असंच केलं होतं." ती थांबली. "काय केलं?" मग मी पेत्राची गोष्ट सांगितली. शेवटच्या रात्रीच्या जेवणाला गुरू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत.

"मग? धुतलं का न्हाई?"

"धुतले. सगळ्यांचे. त्याच रात्री जो त्याला पकडून देणार होता त्याचे पण."

"त्याला ठावं हुतं?"

"होतं."

"तरी धुतलं?"

"तरी धुतले."

आजी गप्प. फोडाचं पाणी काढून पट्टी लावून झाली तेव्हा तिनं दुसरा पाय पुढं केला आणि म्हणाली, "लई मोठा मनुष्य. आता माझ्या सुनंचं बी धू. ती मागं उभी हाय, तिला लाज वाटतीय." सून खरंच खांबाआड उभी होती.

मी आजीला काही शिकवायला गेले नव्हते. गोष्ट पायातून निघाली आणि पायापाशीच संपली. पण ती सांगितली नसती तर मी फक्त एक चांगली नर्स राहिले असते. पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, मात्र सौम्यतेनं आणि आदरानं. विचारलं तर, हे त्यातलं महत्त्वाचं. पुस्तिका वाटणाऱ्या भावाला मी हेच ऐकवते आणि तो मला ऐकवतो की तुम्ही गप्प बसलात तर विचारणार कोण.

प्रश्न प्रेमानंच येतात असं नाही. माचणूरला भीमेच्या काठी, सिद्धेश्वराच्या घाटाजवळ जेवायला बसलो होतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, पातळ आमटी. याच भागात ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी कित्येक वर्षं होती, हे बुवा पोरांना सांगत होते. मी भाकरीवर हात ठेवून डोळे मिटून मनात प्रार्थना केली. डोळे उघडले तर समोर एक तरुण. "ताई, राग मानू नका. तुम्ही लोक गरिबाला पैसे देऊन बाटवता असं म्हणतात." काकूंनी त्याच्याकडं डोळे वटारले. मी म्हटलं, विचारू दे. "माझा पणजोबा नगर जिल्ह्यातला. दुष्काळात मिशननं त्याच्या पोराबाळांना खायला घातलं, हे खरं आहे. त्याला लोक पोटासाठी ख्रिस्ती झाला म्हणाले, तेही खरं. पण पुढं पाऊस पडला, धान्य आलं, तरी तो माघारी फिरला नाही. चौथ्या पिढीला मी तुमच्या दिंडीत भाकरी खातेय. पैसे देऊन कुणी देव विकत असेल तर त्याच्या विरोधात मी तुझ्या आधी उभी राहीन." तो "बरं" म्हणाला. पटलं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी आला तो तापाची गोळी मागायला. दिली.

पणजोबाचं नाव निघालं ते मंगळवेढ्यापर्यंत डोक्यातून गेलं नाही. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं गाव, ज्वारीचं कोठार, आणि चोखोबांचं. गावकुसाच्या कामावर भिंत पडून चोखोबा गेले ते इथंच. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारात, नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. जन्मभर जे दार त्यांना बंद होतं त्याच दारासमोर. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून 1947 साली मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. माझा पणजोबा महारवाड्यातला. ख्रिस्ती होण्याआधी तो चोखोबांचे अभंग म्हणायचा असं आजी सांगायची. ख्रिस्ती झाल्यावरही म्हणायचा, हे ती जरा आवाज उतरवून सांगायची. मंगळवेढ्यात मी चोखोबांच्या नावानं हात जोडले. याचा हिशेब कुणी मागितला तर द्यायची माझी तयारी आहे. ज्या माणसानं अपमान सोसून देवाला सोडलं नाही त्याच्यापुढं मान झुकते, त्याला मी पूजा म्हणत नाही.

त्या रात्री कीर्तन संपल्यावर बुवांनी अचानक मला पुढं बोलावलं. "ताई, तुमच्याकडं भजन असतं म्हणे?" असतं तर. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, कवी माणूस, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत. त्यांची भजनं आम्ही रविवारी उपासनेत पेटी-तबल्यावर म्हणतो. मी एक म्हटलं. पखवाजवाल्या पोरानं दुसऱ्या ओळीलाच ठेका पकडला, चार टाळ वाजले. सगळ्यांना आवडलं असं मात्र नाही. दोघं-तिघं उठून बाहेर तंबाखू मळायला गेले, एक बाई जाणूनबुजून पाठ करून झोपली. त्यांचाही हक्क आहे. आमच्या उपासनेत कुणी हरिपाठ म्हणायला उभं राहिलं असतं तर आमच्यातले किती जण बसून राहिले असते, सांगता येत नाही.

नंतर मी भांडी घासायला टाकीवर गेले, तर एक बाई मागं आली. तिचा मुलगा दारूत गेलेला. "तुमच्या देवाला सांगा की," म्हणाली. मी विचारलं, आत्ता सांगू का, तुमच्यासमोर? ती हो म्हणाली. तिचा खरकटा हात माझ्या खरकट्या हातात धरून मी साध्या मराठीत प्रार्थना केली, मुलाचं नाव घेऊन. आमेन म्हटल्यावर तिनं "माउली" म्हटलं आणि ताट उचलून गेली.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत मी उभी राहिले नाही. काकू राहिल्या, रात्रभर. मी वाळवंटात पट्ट्या बांधत बसले. कळस दिसल्यावर काकू रडल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला होता. त्यांच्यासारखं मला रडू आलं नाही, आणि आलं असं दाखवलंही नाही. इतके दिवस बरोबर चाललेल्या माणसाशी एवढा खरेपणा ठेवावाच लागतो.

एसटीनं सोलापूरला आलो. कामावर गेले तर वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "ताई, वारी केली म्हणे? मग आता माळकरी का?" नाही म्हटलं, आणि गळ्यातला क्रूस दाखवला. इतकी वर्षं तो गणवेशाच्या आत असायचा, आता बाहेर असतो. याचा एक त्रासही आहे. परवा रात्रपाळीत एका पेशंटच्या नातेवाइकावर मी खेकसणार होते, तर त्याची नजर नेमकी तिथं गेली. खेकसणं गिळावं लागलं.

रविवारी मंडळीत अनुभव सांगायला लावला. आत्याबाईंना चोखोबांचा भाग रुचला नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. पाळकसाहेब पाय धुण्याच्या भागावर अडून बसले, त्यांना तो उपदेशाला हवा होता. पुस्तिकावाला भाऊ पुढच्या वर्षी बरोबर येतो म्हणतोय. मी त्याला म्हटलं, ये. गठ्ठा नाही, घमेलं तू उचलायचं, फोड टोचायला आधी माझ्याकडं शिकायचं. तो अजून विचार करतोय. दरम्यान काकूंनी स्वतःच्या पैशानं चपलांचे दोन जास्तीचे जोड घेऊन ठेवलेत, बीडच्या आजींना आणि त्यांच्या सुनेला. माप अंदाजानं घेतलंय.